शेरेबुकातला गहू

शाळा तपासायला जाणाऱ्या माणसाला शाळा सोडून बाकी सगळं दिसतं. तो येणार ही बातमी त्याच्या मोटारसायकलच्या आधी पोहोचलेली असते, आणि ती पोहोचली की शाळा आपला नेहमीचा चेहरा उतरवून कपाटात ठेवते. उंबऱ्यावर रांगोळी उमटते. फळ्यावर चार रंगांच्या खडूंनी ‘सुस्वागतम’ फुलतं. एरवी वर्गात वाऱ्यासारखी हिंडणारी पोरं मांडी घालून, हाताची घडी करून अशी बसलेली असतात की त्यांनी आजवर कधी खोडी काढली असेल यावर विश्वास बसू नये. आपली झोप कशी दिसते हे माणसाला कधीच पाहता येत नाही. पाहायला डोळे उघडावेत तर ती तिथंच संपते. शाळा आणि तपासनीस यांचं नातं साधारण असंच आहे. शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षं हे डोळे उघडण्यात गेली.

आमच्या लहानपणी या अधिकाऱ्याला गावात दिपोटी म्हणत. वुडचा 1854 चा खलिता आला, मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं आणि हे दिपोटी शाळाशाळांतून हिंडू लागले. माझ्या शाळेपर्यंत ते आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांच्या येण्यातला दरारा इलाख्याच्याच काळातला होता. ते यायच्या दिवशी अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांना रानात धाडायची आमच्याकडे रीत होती. माझा एक वर्गमित्र दरवर्षी त्या दिवशी शेळ्यांमागे असायचा. शाळेची इभ्रत त्यानं वर्षानुवर्षं एकट्यानं, शेळ्यांच्या साक्षीनं सांभाळली. त्याबद्दल त्याचा कुणी सत्कार केल्याचं मला आठवत नाही.

तिकडे इंग्लंडात मॅथ्यू अर्नल्ड हा मोठा कवी 1851 पासून पस्तीस वर्षं पोटासाठी शाळा तपासत फिरला. तो नोकरीत असतानाच, 1862 मध्ये तिथल्या सरकारनं नियम केला, की वाचन, लेखन आणि गणितात जितकी मुलं पास होतील त्या हिशेबानं शाळेला अनुदान. अर्नल्डला ते पटलं नाही. यानं शिकवणं यंत्रासारखं होईल, असं तो आपल्या सरकारी अहवालांतूनच लिहीत राहिला. कवीनं लिहिलेले तपासणीचे अहवाल फायलीला लावताना तिथल्या कारकुनांना काय वाटत असेल, याचा विचार मी रिकाम्या दुपारी पुष्कळदा केला आहे. आमच्याकडे अहवालात विशेषण आलं तरी ते ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ या दोहोंपैकी एक असतं. तिसरं विशेषण वापरणाऱ्याकडे वरिष्ठ जरा काळजीनं पाहतात.

मोजण्याची हौस मात्र आपल्याकडेही कमी नाही. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. त्याच वर्षी दिल्लीहून ‘शाळासिद्धी’ आली. तिच्यात 7 क्षेत्रं आणि 46 मानकं, आणि प्रत्येक मानकात शाळा कोणत्या स्तरावर उभी आहे ते ठरवायचं. साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरभरून गेल्या. परत आल्यावर त्यांनी आपापल्या वर्गांच्या फरश्यांवर अंकांचे चौकोन आणि अक्षरांची वर्तुळं रंगवली. बाहेरच्या भिंतींवर आगगाडीचे डबे चढले. ज्या गावानं रेल्वे कधी पाहिली नव्हती तिथल्या पोरांना शाळेत शिरायला डब्याच्या दारातून जावं लागू लागलं. काही शाळांनी तर आयएसओ प्रमाणपत्रही मिळवलं. दर्शनी भिंतीवर ते टांगलेलं पाहिलं, की चौथीची पोरं आता खोक्यात भरून परदेशी रवाना होणार असं मला उगीचच वाटायचं. पण हसून सोडून द्यावं असंही ते नव्हतं. त्या रंगातला पुष्कळसा रंग शिक्षकांनी पदरच्या पैशानं आणला होता, आणि फरशीवरच्या त्या चौकोनांवर उड्या मारत कितीतरी पोरं शंभरापर्यंत पोचली होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मार्च 2023 चा संप. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत 14 मार्चपासून राज्यातले सरकारी आणि जिल्हा परिषदांचे कर्मचारी कामावर येईनासे झाले. 1 नोव्हेंबर 2005 नंतर जे नोकरीला लागले त्यांना जुनी पेन्शन नाही, तर ती द्या, एवढी सरळ मागणी. सरकारनं ‘काम नाही, वेतन नाही’ असा इशारा दिला आणि प्रश्नाचा अभ्यास करायला तीन माजी सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली. तिघेही निवृत्त. पेन्शनचा अभ्यास निवृत्त माणसाइतका दुसरं कोण करणार, त्यामुळं निवड चुकली असं म्हणता येत नाही.

माझी नेमणूक 2005 च्या पुष्कळ आधीची. ज्यासाठी ही तरणी पोरं उन्हात उभी होती ते माझ्या पदरात आधीच पडलेलं होतं. माझ्यासारखे जुने कितीतरी जण त्यांच्यासोबत रस्त्यावर गेले. मी गेलो नाही. एक तर माझा आवाज घोषणेचा नाही. दुसरं, संपावर किती जण गेले हे रोज सकाळी अकराच्या आत जिल्ह्याला कळवायला तालुक्यात कुणीतरी उरायला हवं होतं. पंचायत समितीच्या रिकाम्या कचेरीत बसून मी तो तक्ता भरायचो. उपस्थित, अनुपस्थित, संपात सहभागी, रजेवर. पंखा फिरत असायचा, पलीकडच्या टेबलांवरच्या फायली त्याच्या वाऱ्यानं पानं उलटायच्या, आणि आपण एका गैरहजर गावाचे हजेरी मास्तर आहोत असं वाटून मला थोडं हसू यायचं.

तेवढ्यात वरून आठवण आली, की 31 मार्चच्या आत वार्षिक तपासण्या संपवायच्या आहेत आणि माझ्या बीटातल्या एका शाळेची ‘सुधारणा पडताळणी’ राहिली आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली ही दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. मागल्या तपासणीत मीच शेरा मारला होता: चौथीच्या विद्यार्थ्यांचे स्वयंलेखन असमाधानकारक, सुधारणा करून पूर्तता अहवाल सादर करावा. पूर्तता अहवाल आठवड्याच्या आत आला होता. त्यात लिहिलं होतं, की स्वयंलेखनात समाधानकारक सुधारणा झाली आहे. पूर्तता अहवाल हे मराठी गद्यातलं सर्वांत आशावादी लेखन आहे. त्यात कुणी नापास होत नाही, कुठलं छत गळत नाही, आणि शेऱ्यातलं ‘असमाधानकारक’ एका रात्रीत ‘समाधानकारक’ होऊन येतं. खरं काय ते पाहून या, असा आदेश होता. शिक्षक संपावर आहेत, हे मी सांगून पाहिलं. “शाळा कुठं संपावर आहे?” असं उत्तर आलं. त्यात तथ्य होतं, म्हणून मी निघालो.

वाटेत पळस फुलले होते. ऊसतोडीला गेलेल्यांचे ट्रॅक्टर परतू लागले होते. वर मोडक्या कोप्यांच्या बांबूंवर संसार, संसारावर शेळी, आणि शेळीच्या गळ्यात हात टाकून बसलेलं एखादं पोर. आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे शाळेचा पट ओसरतो आणि पाडव्याच्या सुमारास पुन्हा भरून येतो. मागं आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, तरी काही जण आई-बापाच्या मागं जातातच. आल्यावर त्यांना बाराखडी आठवत नाही, पण कोयत्याला किती उचल मिळते आणि त्यातली किती फिटली ते तोंडपाठ असतं. व्यवहारी गणिताच्या तासाला त्यांना काय विचारावं हे मला अजून उमगलेलं नाही.

शाळा उघडी होती. किल्ली खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. “सर-मॅडम बीडला मोर्चाला गेलेत,” त्या म्हणाल्या. “पण तांदूळ शिल्लक हाये. पोरं येत्यात. मंग मी कशाला घरी बसू?” त्यांचं मानधन तेव्हा महिन्याला दीड हजार रुपये, आणि पेन्शन जुनी नाही की नवी नाही. त्या दिवशीची हजेरी ॲपवर चढवायला मुख्याध्यापक नव्हते, म्हणजे सरकारी हिशेबानं त्या शाळेत कुणी जेवलंच नाही. मी मात्र पोरांना दुसऱ्यांदा खिचडी मागताना पाहिलं आहे.

आतमध्ये शाळा भरली होती; म्हणजे चालू होती असं म्हणायला हरकत नाही. मोठी पोरं धाकट्यांना वाचायला बसवत होती. दोघं पाटीवरच्या पेन्सिलीवरून भांडत होते. एक जण नुकता फडावरून आलेला, फरशीवरच्या 64 ते 70 या आकड्यांवर आडवा होऊन गाढ झोपला होता. फळ्यावर एक बेरीज होती. तिच्यात हातचा राहून गेला होता, पण उत्तर सर्वानुमते मंजूर झालेलं दिसलं. सरांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. चौथीतली एक मुलगी, दोन वेण्यांतली एक सुटलेली, खुर्चीच्या बाजूला उभी राहून वहीत हजेरी घेत होती. मला पाहून ती थांबली.

“सर नाहीत,” ती म्हणाली.

“माहीत आहे. मी तपासणीला आलोय.”

“मग कशाची तपासणी करता?”

हा प्रश्न मला आजवर एकाही मुख्याध्यापकानं विचारला नव्हता. मी उत्तर टाळून तिची वही मागितली. तिनं सगळ्यांची नावं उतरवली होती, आणि सगळ्यांच्या शेवटी, समासाला धरून, दोन ओळी: सर, गैरहजर, कारण पेन्शन. मॅडम, गैरहजर, कारण पेन्शन. त्याच सकाळी मी याच दोघांना माझ्या तक्त्यात भरून आलो होतो. फरक इतकाच, की माझ्या तक्त्यात कारणाचा रकाना नव्हता.

“पेन्शन म्हणजे काय, ठाऊक आहे?”

“हो. माझ्या आज्जीला असती. हजार रुपये. निराधारची.” तिनं वेणी मागं टाकली. “आज्जीला भेटती अन् सरला का नाही भेटत?”

मी म्हणालो, की ती पेन्शन निराळी आणि ही निराळी. तिला ते फारसं पटलं नाही. “सरनं फॉर्म भरला नसंल,” ती म्हणाली. “आज्जीचा हयातीचा दाखला सरनंच भरून दिला होता. दुसऱ्याचं भरत्यात, स्वतःचं राहून जातं.” तीन माजी सनदी अधिकाऱ्यांच्या समितीपुढं हे म्हणणं कुणी मांडलं असतं, तर त्यांनी ते निदान नोंदवून तरी घ्यायला हवं होतं.

मी मागच्या भिंतीला टेकून फरशीवर बसलो. माझ्या बसण्यानं वर्गात काही बदललं नाही. कुणी हाताची घडी घातली नाही, ‘एकसाथ नमस्ते’ झालं नाही. पेन्सिलीचं भांडण मागल्या पानावरून पुढे चालू राहिलं. नोकरीत पहिल्यांदाच मी अशी शाळा पाहत होतो जिला माझ्याकडून काही नको होतं.

1977-78 च्या हिवाळ्यात राज्यात 54 दिवसांचा संप झाला होता, महागाई भत्त्याचा. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. आमचे गुरुजी गावातच राहायचे, त्यामुळं संपावर जायचं म्हणजे कुठं जायचं हा त्यांच्यापुढं मोठाच प्रश्न होता. ते मारुतीच्या पारावर येऊन बसायचे. आम्ही विटी-दांडू खेळत जवळून गेलो की त्यांना राहवायचं नाही. “काय रे, किती झाले? बेरीज कर बघू.” मग विटीच्या बेरजेवरून दांडूच्या गुणाकारावर, तिथून क्षेत्रफळावर, आणि दुपारपर्यंत अख्खी चौथी पाराभोवती बसलेली असायची. शाळेचा उंबरा त्यांनी संपभर ओलांडला नाही. तत्त्वाला माणूस पक्का. कुणी विचारलंच, तर म्हणत, “शिकवत नाही. गप्पा मारतोय.” अपूर्णांक मला त्या गप्पांत समजले. त्या हिवाळ्यात दिपोटी पारावर आले असते, तर त्यांनी शेऱ्यात काय लिहिलं असतं, याचं मला आजही कुतूहल आहे.

एवढं सांगितल्यावर कुणी म्हणेल, की मग शिक्षकाविना शाळा चालतेच की. त्या आठवड्यात असं म्हणणारे पुष्कळ होते. निम्म्या पगारावर तेच काम करायला तयार असलेल्या बेकार पोरांचेही मोर्चे निघाले होते, आणि त्यांच्या पोटाचं दुःखही खोटं नव्हतं. पण मी भिंतीला टेकून जे पाहत होतो ते शिक्षकाविना चाललेलं नव्हतंच. कुणी कुणाला वाचायला बसवायचं, पाणी प्यायला कसं जायचं, भांडण किती वाढलं की मिटवायचं, हे त्या दोघांनी वर्षानुवर्षं रोज थोडं थोडं सांगून पोरांच्या अंगात मुरवलं होतं, आणि पोरं आता त्या शिलकीवर दिवस काढत होती. शिल्लक संपतही होती. जेवणानंतर वाचनाचा आवाज निम्म्यावर आला. हातचा विसरलेल्या बेरजेखाली तशीच दुसरी बेरीज उभी राहिली. आणखी एक आठवडा गेला असता, तर ती सगळीच फरशीवरच्या आकड्यांवर झोपली असती.

दुपारी आभाळ भरून आलं. त्या आठवड्यात मराठवाड्यात ठिकठिकाणी अवकाळी पावसानं आणि गारांनी झोडपलं. आमच्या वाट्याचं त्या दुपारी आलं. पत्र्यावर असा आवाज सुरू झाला की सगळी शाळा एकदम दगडगोट्यांच्या गिरणीत सापडल्यासारखी वाटली. पोरं आधी बिचकली, मग पातेली घेऊन बाहेर धावली. मावशी ओरडत राहिल्या. झोपलेला मुलगा उठला, दारात आला, एक गार तोंडात टाकली आणि “कारखान्यावर असला बर्फ इकत भेटतो” असं सांगून पुन्हा आत गेला. अर्ध्या घटकेत सगळं थांबलं. अंगण पांढरं झालं होतं आणि त्या पांढऱ्यात चिंचेची हिरवी पानं पसरली होती.

मग एक शेतकरी आले. पन्नाशीचे, डोक्यावर पोतं, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. माझ्या हातात फाइल होती.

“सायेब, पंचनाम्याला आला का?”

मी सांगितलं, की मी शिक्षण खात्याचा आहे, पंचनामा तलाठी करतात.

“तलाठी संपावर हायेत. तुमच्याकडं कागद हाये ना? मंग लिवून घ्या की.”

नियम त्यांना समजावून सांगणं शक्य होतं, पण डोक्यावरच्या पोत्यातून थेंब गळत असलेल्या माणसाला नियम सांगायला जी उंची लागते ती फरशीवर बसलेल्याकडे नसते. मी घुटमळलो. तेवढ्यात सुटलेल्या वेणीची मुलगी पुढं झाली. “काका, मी लिहिते. काय काय झालं ते सांगा.” तिनं वहीचं मधलं पान काढलं, खुर्चीच्या बाजूलाच टेबलावर ठेवलं आणि विचारायला लागली. किती रान? कसलं पीक? काढायला किती दिवस होते? प्रश्न तिचे तिनं काढले. काका उत्तर देताना तिच्याकडं पाहत होते, नंतर खाली पाहू लागले. लिहून झालं ते असं:

‘आज दुपारी गारा पडल्या. काकांचा दीड एकर गहू होता. तो सगळा झोपला. काही ओंब्या तुटून पाण्यात पडल्या. गहू काढायला आठ दिवस राहिले होते. बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या पण पडल्या. त्या किती ते मोजले नाही कारण पोरांनी खाल्ल्या. तलाठी संपावर आहेत. सर पण संपावर आहेत. म्हणून मी लिहिले. काका रडले नाहीत पण गप बसले.’

पंच हवेत, हे काकांना ठाऊक होतं. पाच सह्या झाल्या. पहिली मावशींची, सावकाश आणि स्वच्छ, बाकीच्या तिसरी-चौथीच्या. फडावरून आलेल्या मुलाला सही येत नव्हती. त्यानं तिच्याकडून आपलं नाव वेगळ्या कागदावर लिहून घेतलं आणि ते पाहून पाहून उतरवलं. त्याला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तेवढा वेळ काका थांबले.

स्वयंलेखन पाहायला मी कोरं प्रपत्र घेऊन आलो होतो. ‘माझा आवडता सण’ या विषयावर पाच वाक्यं, शुद्धलेखन, विरामचिन्हं, असे त्याचे रकाने. मुलीनं माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं होतं. कैऱ्या न मोजण्याचं कारण देणारा पंचनामा मी महसूल खात्यातही पाहिलेला नाही. आणि शेवटचं वाक्य कुठल्या मानकात बसतं ते शोधायला मी 46 ही मानकं मनात चाळली. कपाटाची किल्ली सरांकडे होती, पण शेरेबुक टेबलाच्या खणात सापडलं. शेरेबुक कुणी चोरत नाही. त्यात मी तारीख घातली, तो पंचनामा जसाच्या तसा उतरवून काढला, आणि खाली लिहिलं: चौथीचे स्वयंलेखन पाहिले. पूर्तता अहवाल खरा आहे.

संप 20 मार्चला मागं घेण्यात आला. संपाचे दिवस कुठल्या रजेत बसवायचे याचा काथ्याकूट कागदोपत्री पुढं बराच चालला. चौथीतल्या वहीत तो प्रश्न केव्हाच मिटला होता. माझा अहवाल मात्र परत आला. त्यावर दोन त्रुटी काढल्या होत्या. एक: भेटीच्या अहवालावर मुख्याध्यापकाची स्वाक्षरी नाही, सबब भेट ग्राह्य धरता येत नाही. दोन: शेऱ्यात गव्हाचा उल्लेख कोणत्या क्षेत्राखाली केला, याचा खुलासा व्हावा. दुसऱ्या त्रुटीनं मी विचारात पडलो. शेवटी ‘समाजाचा सहभाग’ असं लिहून दिलं. ते चाललं.

पाडवा झाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी आधी कळवलं होतं. दारात रांगोळी होती, ‘गुढीपाडवा, पट वाढवा’चा फलक होता, फळ्यावरच्या बेरजेत हातचा जागच्या जागी होता. सर तरुण, चेहरा उन्हानं रापलेला, घोषणांनी बसलेला आवाज अजून पुरता सुटलेला नव्हता. त्यांनी शाल-श्रीफळ दिलं, आणि ते देताना आम्ही दोघंही एकमेकांकडं पाहायचं टाळत होतो. दोन्ही वेण्या घट्ट बांधलेली मुलगी उभी राहिली आणि तिनं ‘माझा आवडता सण’ एका दमात म्हणून दाखवला. वाक्यं पाच, विरामचिन्हं बिनचूक, गळलेली एकही कैरी नाही. मी प्रपत्रात ‘समाधानकारक’ लिहिलं आणि सरांनी त्यावर सही केली. निघताना तिला हळूच विचारलं, की त्या पंचनाम्याचं पुढं काय झालं? तिनं सरांकडं पाहिलं, मग म्हणाली, “काकांना विचारा.”

काका बांधावरच भेटले. रान मोकळं झालं होतं. आडव्या गव्हातून जे निघालं ते त्यांनी काढून घेतलं होतं, जनावरांना थोडा भुसा झाला होता. संप मिटल्यावर तलाठी आले होते, पण तोवर पाहायला उभं पीक राहिलं नव्हतं. म्हणून काकांनी वहीचं ते पान दाखवलं.

“मग? काय म्हणाले?”

“वाचला समदा. दोनदा वाचला. अक्षर चांगलंय म्हणला.” काकांनी टोपी काढून झटकली. “कैऱ्याचं बसत नाई म्हणला.”

“आणि गव्हाचं?”

“गव्हाचं बघतो म्हणला.”